सवाई माधवरावांची मूर्च्छा : जुन्या कागदांतील एका शब्दाचा विचार

जुन्या पत्रांत, बखरींत व यादींत ‘मूर्च्छा आली’ किंवा ‘मूर्च्छित पडले’ हे शब्द पुष्कळदां आढळतात. वाचणारा त्यांच्यापाशीं थांबत नाहीं. लढाईची तिथि, स्वारीचा मार्ग, सरदारांचीं नांवें हीं टिपून घेतलीं जातात; मूर्च्छा मात्र अलंकार समजून सोडून दिली जाते. ह्यांत वाचकाचा सर्वस्वीं दोष नाहीं. रामविजय व पांडवप्रताप ऐकून ज्या लेखकांचे कान तयार झाले, त्यांना शोकाची परमावधि दाखवावयाची म्हणजे मनुष्य भूमीवर पाडावा लागे. अशुभ वार्ता आली कीं मातेनें मूर्च्छित पडावें, सख्यांनीं वारा घालावा, शीतोपचार करावे, ही वर्णनाची ठरीव रीति होती. परंतु प्रत्येक मूर्च्छा अशी ठरीव नसते. कित्येक ठिकाणीं लिहिणाऱ्यानें जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच लिहिलेलें असतें, आणि अशा जागीं हा एक शब्द मोठ्या वादाच्या निर्णयास उपयोगी पडण्याजोगा असतो. असा एक वाद सवाई माधवराव पेशव्यांच्या मृत्यूसंबंधींचा आहे. त्यांत शिरण्यापूर्वीं मूर्च्छा म्हणजे काय, ती किती प्रकारची, व आपल्या लोकांनीं तिची पारख कशी केली, हें पाहणें अवश्य आहे. ही पारख ग्रंथांत जितकी आहे तितकीच बोलींतही आहे. म्हणून आरंभ बोलीपासून करितों.

वालावल हा गांव कुडाळ तालुक्यांत कर्ली नदीच्या कांठीं आहे. लक्ष्मीनारायणाचें जुनें देवालय, त्याच्या शेजारचें तळें, व भोंवतालच्या माडापोफळींच्या बागा ह्यांमुळें तो दूरवर प्रसिद्ध आहे. १९४८ पर्यंत कुडाळ प्रांत सावंतवाडी संस्थानांत मोडत असे. पुढें तो रत्नागिरी जिल्ह्यांत आला, व १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. ह्या मुलुखांतील मनुष्य अचानक खालीं पडला तर तेथील लोक सगळ्यांस एकच नांव देत नाहींत. डोळ्यांपुढें भोंवतालचें फिरूं लागलें, तोल गेला, पण भान राहिलें, तर ती घेरी किंवा भोंवळ. क्षणभर भान गेलें व लगेच आलें, तर झीट. हातपाय ताठले, झटके आले, तोंडास फेंस आला, तर फेंफरें. आणि देवळांत ढोल वाजत असतां अंग थरारूं लागलें, तर तो अवसार. अवसार आलेला मनुष्य घुमतो, बोलतो, विचारलेल्या गोष्टीचें उत्तर देतो, कौल सांगतो. तो उभा राहतो, पडत नाहीं. झीट आलेला मनुष्य बोलत नाहीं, ऐकत नाहीं, व उभा राहूं शकत नाहीं. अवसाराच्या मुळाशीं काय आहे, ह्याविषयीं ज्यानें त्यानें आपलें मत ठेवावें. पण देहाच्या स्थितीवरून पाहतां अवसार व मूर्च्छा ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या निराळ्या ठेवण्याचें काम बोलीनेंच केलेलें आहे.

वालावलकर ह्या नांवाची दशावतारी खेळाची परंपरा दक्षिण कोंकणांत सर्वश्रुत आहे. दशावताराच्या रंगभूमीवर शस्त्राच्या घायानें वीर पडतो, मूर्च्छित होतो, व पुन्हां उठून लढतो. ही मूर्च्छा नाट्याची आहे, हें प्रेक्षकांस ठाऊक असतें. तोच प्रेक्षक दुसऱ्या दिवशीं आपल्या अंगणांत कोणी पडलेलें पाहतो, तेव्हां तिला झीट म्हणतो किंवा फेंफरें म्हणतो, मूर्च्छा म्हणत नाहीं. मूर्च्छा हा पोथीचा शब्द आहे. लिहिणारा कारकून मात्र बोलींतील हे चारही शब्द टाकून पोथीचा एकच शब्द लिहितो, आणि त्या एका शब्दाच्या पोटांत घेरी, झीट, फेंफरें व प्रसंगीं मरणापूर्वींची बेशुद्धिही दडून बसते. म्हणून जुन्या कागदांतील मूर्च्छा वाचतांना ती बोलींत परत आणून पहावी लागते.

आपल्या वैद्यकग्रंथकारांनीं हें काम फार पूर्वीं केलें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चोविसाव्या, म्हणजे विधिशोणितीय नांवाच्या अध्यायांत मद, मूर्च्छा व संन्यास अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. मदांत भान डळमळतें, मूर्च्छेंत तें जातें, व संन्यासांत मनुष्य लांकडाच्या ओंडक्यासारखा निश्चेष्ट पडतो. मूर्च्छेचे प्रकार सांगतांना चरक रोग्याची साक्ष घेतो. वातमूर्च्छेंत रोग्यास आकाश निळें, काळें किंवा तांबूस दिसतें, मग अंधारी येते, व तो लवकर सावध होतो. पित्तमूर्च्छेंत तांबडें-पिंवळें दिसतें व शुद्धीवर येतांना घाम सुटतो. कफमूर्च्छेंत आकाश मेघांनीं झांकल्यासारखें भासतें व शुद्ध उशिरां येते. तिन्ही दोषांच्या मूर्च्छेचें रूप अपस्मारासारखें असतें, परंतु अपस्मारांतील बीभत्स चेष्टा तींत नसतात. येथें ग्रंथकारानें झीट व फेंफरें ह्यांमधील भेद नेमका धरिला आहे. त्याहून महत्त्वाचें म्हणजे दोषांचा वेग ओसरला कीं मद व मूर्च्छा आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावांचून शमत नाहीं, असा स्पष्ट विवेक तेथें केला आहे. म्हणजे कोणती बेशुद्धि स्वस्थपणें पहावी व कोणतीसाठीं धांव घ्यावी, हें त्यांतून वैद्यास कळे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूर्च्छाप्रतिषेध ह्या विषयाला स्वतंत्र अध्याय आहे. तेथें मूर्च्छा सहा प्रकारची सांगितली आहे : वात, पित्त व कफ ह्यांची, रक्ताची, मद्याची व विषाची. ह्यांपैकीं रक्ताची मूर्च्छा ध्यानांत घेण्याजोगी आहे. रक्ताच्या गंधानेंच माणसें मूर्च्छित होतात असें सांगून ग्रंथकार त्याचें तत्त्वज्ञान देतो. आणि रक्त नुसतें पाहूनही जो मोह पडतो तो त्या द्रव्याचा स्वभावच होय, असें दुसऱ्यांचें मतही नमूद करितो. जखम आपली नसतां, रक्त आपलें नसतां, धट्टाकट्टा मनुष्य नुसत्या दर्शनानें पडतो, हें शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्यांनीं अर्थातच वारंवार पाहिलें असेल. विषाच्या सदराखालीं आपल्याकडील धोतऱ्याची आठवण कोणासही होईल. वाटसरूंच्या अन्नांत धोतऱ्याचें बीं मिसळून त्यांना बेशुद्ध करावयाचें व लुबाडावयाचें, अशा गुन्ह्यांची हकीकत एकोणिसाव्या शतकांतील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत आढळते. पुढें माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा व संन्यास हीं एका प्रकरणांत एकत्र आणून त्यांचे भेद दाखविले. घरोघरच्या वैद्यांच्या बाडांत माधवनिदानाचा हा भाग अनेकदां उतरून घेतलेला असतो, तो ह्याचसाठीं.

पाश्चात्य वैद्यकानें ह्या पारखींत जी भर घातली ती मुख्यतः दोन प्रकारची आहे. पहिली हृदयासंबंधीं. डब्लिन येथील रॉबर्ट ॲडम्स ह्यानें १८२७ सालीं, व त्याच शहरांतील विल्यम स्टोक्स ह्यानें १८४६ सालीं, नाडी अत्यंत मंद असून वारंवार बेशुद्ध पडणाऱ्या रोग्यांचीं वर्णनें लिहिलीं. हृदयाचें स्पंदन कांहीं क्षण थांबतें, मेंदूस रक्त पोंचत नाहीं, व मनुष्य पूर्वसूचनेवांचून कोसळतो, असा त्यांचा इत्यर्थ. १९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ८ तारखेस स्टॉकहोम येथें आर्ने लार्सन नांवाच्या अशाच रोग्याच्या देहांत हृदयास विजेची चालना देणारें यंत्र प्रथम बसविण्यांत आलें. दिवसांतून अनेकदां बेशुद्ध पडणारा तो मनुष्य त्यानंतर २००१ पर्यंत जगला. दुसरी भर साध्या झीटेसंबंधींची. सर थॉमस लुइस ह्या ब्रिटिश हृदयवैद्यानें १९३२ सालीं दाखविलें कीं, साध्या झीटेंत दोन क्रिया एकदम घडतात : रक्तवाहिन्या सैल पडतात व हृदयाची गति मंदावते. भय, वेदना, रक्तदर्शन, उष्मा, उपवास, दीर्घकाळ उभें राहणें, ह्यांपैकीं कोणतेंही निमित्त त्यास पुरतें. १९८६ पासून रोग्यास कललेल्या फळीवर उभें बांधून ही झीट मुद्दाम आणून पाहण्याची परीक्षाही रूढ झाली.

ह्या परीक्षेचें मर्म आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचें आहे. मनुष्य उभा राहिला कीं त्याच्या देहांतील अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरतें. निरोगी स्थितींत रक्तवाहिन्या तत्काळ आंवळून तें वर ढकलतात. ज्वर, घाम, अतिसार, लंघन, मद्य किंवा दीर्घ आजार ह्यांनीं रक्ताचें पाणी आटलें असेल, किंवा त्वचेंतील वाहिन्या उष्णतेनें फुगल्या असतील, तर हें ढकलणें पुरे पडत नाहीं. मेंदूचें रक्त आठदहा सेकंद तुटलें तरी भान जातें. मनुष्य पडतो, पडल्याबरोबर मस्तक व हृदय एका पातळींत येतात, रक्त आपोआप मस्तकाकडे जातें, व मिनिटाच्या आंतबाहेर तो डोळे उघडतो. म्हणजे पडणें हाच त्या देहाचा उपचार आहे. ज्यास पडूं दिलें नाहीं, ज्यास दोघांनीं काखेंत धरून ताठ बसविलें, त्याची बेशुद्धि लांबते. इतकेंच नव्हे, तर त्यास झटकेही येऊं लागतात, आणि पाहणारे ‘फेंफरें आलें’ असें म्हणूं लागतात. साधी झीट व अपस्मार ह्यांची गल्लत होण्याचें हें एक मोठें कारण आहे. खऱ्या अपस्मारांत मुद्रा काळीनिळी पडते, जीभ दांतांखालीं सांपडते, व शुद्धीवर आल्यावरही मनुष्य कांहीं काळ गोंधळलेला असतो. झीटेंत मुद्रा पांढरी पडते, घाम सुटतो, व भान आलें कीं तें स्वच्छ येतें.

एवढी सामग्री घेऊन आतां सवाई माधवरावांच्या प्रकरणाकडे वळूं. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला; सवाई माधवराव त्यानंतर, १८ एप्रिल १७७४ रोजीं, पुरंदर किल्ल्यावर जन्मले. बापाचें मुख न पाहिलेला हा पेशवा नाना फडणिसांच्या देखरेखीखालीं वाढला. १७९५ च्या मार्च महिन्यांत खर्ड्याच्या लढाईंत निजामाचा पराभव होऊन मराठी राज्याचें वैभव पुन्हां एकवार डोळ्यांत भरूं लागलें होतें. त्याच वर्षीं २२ ऑक्टोबरास दसरा होता. २५ तारखेस सकाळीं पेशवे शनिवारवाड्यांत वरून खालीं कारंज्यावर पडले, व २७ तारखेस मरण पावले. त्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. ह्या मृत्यूनंतर गादीविषयीं वर्षभर जीं कारस्थानें चाललीं त्यांतून दुसरा बाजीराव १७९६ च्या अखेरीस पेशवा झाला, आणि पुढें काय झालें तें सर्वांस विदित आहे. म्हणून हें पडणें कसें घडलें, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. त्यावर एका तरुणाची स्मृति व नाना फडणिसांची कीर्ति हीं दोन्ही टांगलेलीं आहेत.

ग्रँट डफ ह्यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत ह्या प्रसंगाचा निर्णय देऊन टाकिला आहे. बाजीरावाशीं चाललेला गुप्त पत्रव्यवहार नानांनीं पकडला, पेशव्यास दोष दिला, त्यामुळें त्याच्या मनास खोल विषाद जडला, व २५ तारखेस त्यानें जाणूनबुजून गच्चीवरून उडी टाकिली, असें तो लिहितो. त्याच डफनें असेंही लिहिलें आहे कीं, दसऱ्याच्या दिवशीं पेशवा सैन्यांत दिसला, व संध्याकाळीं त्यानें सरदारांच्या व परराज्यांच्या वकिलांच्या भेटी नेहमींच्या रीतीनें घेतल्या. त्याच्या वर्णनांत मूर्च्छेचा उल्लेख नाहीं. ह्याच्या उलट आपल्याकडील संशोधकांनीं ज्वराचा पक्ष मांडला : पेशव्यांस ताप होता, तापांत भ्रम झाला, व भ्रमाच्या भरांत ते खिडकींतून गेले. वाद बहुधा ह्या दोन पक्षांतच चालत आला आहे. एका पक्षाच्या मतें तरुणानें प्राण दिला, दुसऱ्याच्या मतें रोगानें त्याचें मन हिरावून नेलें. दोन्ही पक्षांनीं मनाचाच विचार केला. देहाच्या तोलाचा विचार कोणत्याच पक्षानें पुरेसा केला नाहीं.

पुण्यांतील आप्पा बळवंत चौक सर्वांस ठाऊक आहे. आप्पा बळवंत मेहेंदळे हे पानिपतच्या मोहिमेंत १७६० च्या डिसेंबरांत पडलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांचे पुत्र. चौकास त्यांचें नांव पडलें त्याची जी कथा पुण्यांत पिढ्यान् पिढ्या सांगतात ती अशी कीं, सवाई माधवराव हत्तीवर अंबारींत बसून जात असतां त्यांस अकस्मात् घेरी आली, ते खालीं पडणार इतक्यांत मागें बसलेल्या आप्पा बळवंतांनीं त्यांस धरिलें, व प्राण वांचविले. कोणी ही स्वारी पर्वतीहून परततांनाची सांगतात, कोणी दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची सांगतात. कोणी घेरी म्हणतात, कोणी फेंफरें म्हणतात. दंतकथेस दंतकथेइतकेंच वजन द्यावें, हें आम्हांस मान्य आहे. तथापि चौकाच्या नांवाशीं जडलेली, राजाचा पराक्रम न सांगतां त्याची दुर्बलता सांगणारी कथा कोणी मुद्दाम रचील असें वाटत नाहीं. पेशव्यांस निदान एकदां तरी चारचौघांत अशी घेरी आली होती, इतकें तिचें सार धरण्यास हरकत नसावी.

आतां ही कथा दसऱ्याच्या स्वारीची धरिली तर डफच्या लेखाशीं ती कशी जुळते, हें पहावें. आश्विनांतील पुण्याचें ऊन, स्वारीचा भरजरी पोषाख, दागिन्यांचा भार, झुलणारी अंबारी, तासन् तास ताठ बसणें, आणि अंगांत ताप. साध्या झीटेस ह्याहून अधिक निमित्त लागत नाहीं. अंबारींत मनुष्य पडूं शकत नाहीं, व त्यास पडूंही देत नाहींत, धरून बसवितात. अशा स्थितींत बेशुद्धि थोडी लांबली असेल व हातपाय थरथरले असतील, तर खालून पाहणाऱ्या गर्दीनें त्यास फेंफरें म्हणणें स्वाभाविक होतें. परंतु त्याच दिवशीं संध्याकाळीं पेशव्यांनीं दरबार केला, व तो नेहमींच्या रीतीनें केला. मॅलेटसारखा चौकस इंग्रज वकील त्या काळीं पुण्यांत होता; परराज्यांचे वकील ज्याच्याकडे निरखून पाहत होते तो मनुष्य त्या संध्याकाळीं गोंधळलेला, सुस्त किंवा भ्रमिष्ट दिसला नाहीं. बेशुद्धीनंतर भान लवकर व स्वच्छ परत आलें, हें झीटेचें लक्षण आहे, अपस्माराचें नव्हे. डफच्या लेखांत मूर्च्छा नाहीं, पण त्याच्याच लेखांतील दरबार मूर्च्छेचा प्रकार ठरविण्यास उपयोगी पडतो, हें चमत्कारिक परंतु खरें आहे.

मग २५ तारखेच्या सकाळीं काय घडलें? आमच्या मतें येथें तिसरी शक्यता उभी राहते. ज्यास तीन दिवसांपूर्वीं बसल्या जागीं झीट आली, जो तेव्हांपासून तापानें व लंघनानें अधिकच क्षीण झाला असेल, तो सकाळीं अंथरुणावरून एकदम उठला, वाऱ्यासाठीं खिडकीशीं गेला, तर त्यास तेथें पुन्हां झीट येणें हें उडी किंवा भ्रम ह्यांच्याइतकेंच संभवनीय आहे. पहांटे-सकाळीं अंथरुण सोडतांना अशक्त मनुष्यास अंधारी येते, हें घरोघरच्या वृद्धांस ठाऊक आहे. जुन्या वाड्यांच्या खिडक्या बैठकीच्या सोयीच्या, जमिनीलगत असत. तेथें कठड्यावर रेलून किंवा उंबऱ्यावर बसून खालचें पाहण्याची रीत होती. अंबारींत मागें आप्पा बळवंत होते. खिडकींत मागें कोणी नव्हतें.

ह्या तर्कावर जे आक्षेप येतील ते आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. झीट आलेला मनुष्य जेथल्या तेथें मिटून पडतो; तो कठडा ओलांडून जात नाहीं, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे, व म्हणूनच कठड्याची उंची व पेशवे उभे होते कीं बसले होते, ह्या दोन गोष्टींवर सर्व अवलंबून आहे. पहिल्या गोष्टीचा पुरावा १८२८ च्या आगींत शनिवारवाड्याच्या इमारतींबरोबर जळून गेला. आज तट, दरवाजे, जोतीं व कारंज्याचा हौद एवढेंच पहावयास मिळतें. डफ गच्ची म्हणतो, आपल्याकडे खिडकी किंवा सज्जा म्हणतात. गच्चीवरून पडणें व ठेंगण्या खिडकींतून पडणें ह्यांत झीटेच्या दृष्टीनें महदंतर आहे. दुसरा आक्षेप असा येईल कीं, पडल्यावर दोन दिवस पेशवे जिवंत होते, व बाजीरावास गादीवर बसवावें असें ते बोलले, हें डफच लिहितो. उडी टाकिली असती किंवा नसती, तें त्यांनीं सांगितलें असतें. परंतु साध्या झीटेंत पडण्याच्या क्षणाची आठवण बहुधा राहत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. ‘मी कसा पडलों तें मला कळलें नाहीं’ हें झीट आलेल्या मनुष्याचें नेहमींचें उत्तर आहे, आणि असें उत्तर शेजारच्यांस लपवाछपवीचें वाटतें. तिसरा आक्षेप भ्रमवाद्यांचा. तापांतील भ्रम व झीट हीं एकाच आजाऱ्यास होऊं शकतात, मग भेद कशास? भेद ह्यासाठीं कीं, भ्रमांत मनुष्य चालतो, बडबडतो, आवरणाऱ्यांशीं झगडतो. त्याच्याभोंवतीं आधीं तास दोन तास तरी धांवपळ झालेली असते. झीटेपूर्वीं असें कांहींच होत नाहीं. कागदांत ह्या धांवपळीचा मागमूस सांपडतो कीं नाहीं, ह्यावरून निवड करतां येईल.

तेव्हां आमचा निष्कर्ष मर्यादित आहे. अंबारींतील मूर्च्छेवरून पेशव्यांस अपस्मार होता असें अनुमान काढूं नये. त्यांच्या मनास वेड लागलें होतें असें तर मुळींच काढूं नये. त्या मूर्च्छेवरून इतकेंच ठरतें कीं, उभें किंवा ताठ बसलें असतां मस्तकास रक्त पुरविण्याची त्यांच्या देहाची शक्ति त्या दिवसांत क्षीण झाली होती. आणि एवढें ठरलें कीं आत्महत्येचा निर्णय निःशंकपणें देण्याचा अधिकार डफला उरत नाहीं. त्यानें घटनेनंतर तीस वर्षांनीं विषाद हें कारण लिहिलें, व विषादाचें कारण नाना फडणीस लिहिलें. देहाची बाजू पाहिल्यावांचून ठेवलेला हा आरोप नानांच्या माथीं दोनशें वर्षें राहिला आहे.

संग्राहकांस आमची विनंति अशी आहे. शके १७१७ च्या भाद्रपद-आश्विनांतील पुण्याच्या बातमीपत्रांच्या नकला सरदारांच्या, वकिलांच्या व सावकारांच्या घरीं दूरदूर गेल्या. कोंकणांतील रुमालांतही त्या असण्याचा संभव आहे. अशी नकल हातीं आल्यास चार गोष्टी शोधाव्या. पडण्यापूर्वीं काय घडलें : उठले, उभे राहिले, उपाशी होते, घाम आला, कीं कांहींच सूचना नव्हती? पडतांना काय दिसलें : मुद्रा पांढरी कीं काळी, अंग सैल कीं ताठ? शुद्ध केव्हां व कशी आली : स्वच्छ कीं गोंधळलेली? आणि असें पूर्वीं झालें होतें काय? चरकानें रोग्यास विचारलेले प्रश्न ह्यांहून फारसे निराळे नव्हते, व आजचा हृदयवैद्यही यंत्रें लावण्यापूर्वीं हेच प्रश्न विचारतो. एखाद्या पत्रांत ह्यांपैकीं एकाचें जरी उत्तर सांपडलें, तरी तें पत्र राजकारणाच्या दहा पत्रांइतकें मोलाचें समजावें. ‘श्रीमंतांस झोंक गेला’, ‘अंधारी आली’, ‘घाम सुटला’ असले शब्द प्रत करतांना गाळूं नयेत, व त्यांच्या जागीं ‘मूर्च्छा’ हा सभ्य शब्द घालूं नये.

दुसरी विनंति वैद्यांच्या बाडांविषयीं. वालावल, नेरूर, कुडाळ ह्या पट्ट्यांतील घरांत अशीं बाडें वाळवीच्या व पावसाळी दमटपणाच्या तोंडीं आहेत. त्यांत औषधांच्या कृतींबरोबर मूर्च्छेवरील उपाय लिहिलेले असतात : थंड पाणी शिंपडणें, वारा घालणें, नाकांत तीक्ष्ण चूर्ण फुंकणें, संन्यासांत नखांखालीं सुई टोंचणें, केंस उपटणें, खाजकुइली चोळणें. शेवटचे उपाय चरकांतूनच आलेले आहेत, व ते खोल बेशुद्धीकरितां आहेत. साध्या झीटेकरितां नाहींत. कोणत्या वैद्यानें कोणता उपाय कोणत्या नांवाखालीं लिहिला, ह्यावरून त्या गांवांत झीट, फेंफरें व अवसार ह्यांची पारख कितपत राहिली होती हें कळेल. ज्या घरांत ती पारख राहिली नाहीं तेथें झीट आलेल्या मुलीस फेंफऱ्याची म्हणून लग्नाच्या बाजारांत नाकारलें गेलें, किंवा तिच्या अंगांत कांहीं आहे म्हणून देवस्कीकडे फिरविलें गेलें. आणि ज्या वृद्धाचें हृदय खरोखरच थांबत होतें त्यास ‘घेरीच आहे’ म्हणून कांदा हुंगवून घरीं ठेविलें गेलें. श्रम करतांना, निजलेल्या स्थितींत, किंवा कसलीही सूचना न होतां जो पडतो, त्याची झीट साधी समजूं नये. त्याचें हृदय तपासून घ्यावें. बाकीच्यांस भुईवर आडवें निजवावें, पाय उंच करावे, गर्दी हटवावी, व ताठ बसवूं नये.

सवाई माधवरावांस ही सोय अंबारींत मिळाली नाहीं, व शनिवारवाड्याच्या खिडकींत तर मिळणें शक्यच नव्हतें. त्यांच्या मृत्यूचा निर्णय एखाद्या जीर्ण पुडक्यांतील दोन ओळींवर अडून राहिला असेल. तें पुडकें ज्याच्या संग्रहांत असेल त्यानें त्यांतील ‘घेरी’ हा शब्द क्षुल्लक मानूं नये.